"उंची वाढली की वजन बसेल" असं किती वर्षं म्हणायचं?

(वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : डॉक्टर, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. मुलगा 11 वर्षांचा, उंची 138 सेंमी, वजन 49 किलो. लॉकडाऊनमध्ये पाच वर्षांचा होता तेव्हा वजन चढायला लागलं ते आजतागायत. वर्गातली मुलं ढोल्या म्हणतात, पीटीच्या दिवशी बरोबर त्याचं पोट दुखतं. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की बसेल. मी आठवडाभर भात बंद केला तर चोरून बिस्किटं खायला लागला, मला रडूच आलं. थायरॉइड असेल का? आणि मान काळी पडलीये, कितीही घासली तरी निघत नाही.
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्याची मान घासणं थांबवा, तो मळ नाहीये. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होईनासं झालं की शरीर ते आणखी आणखी बनवत राहतं आणि त्याने मानेच्या, काखेच्या घड्यांतली कातडी जाड नि काळपट होते. आंघोळीच्या वेळी रोज त्याला "नीट घास" म्हणून ओरडा बसत असेल तर तो बिचारा उगाच बोलणी खातोय. पण हे लक्षण मात्र अंगावर काढू नका. तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन त्याचं बीपी, उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल आणि लिव्हरसाठी एसजीपीटी एवढं बघून घ्या. फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं, हा आता फक्त मोठ्यांचा आजार राहिलेला नाही.

थायरॉइडचं म्हणाल तर थायरॉइडमुळे वजन वाढलेलं मूल सहसा उंचीतही मागे पडतं. तुमच्या मुलाची उंची वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणून ते कारण असण्याची शक्यता मला कमी वाटते, डॉक्टरांना गरज वाटली तर तीही टेस्ट होईल.

आता आकडा. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, त्याचा येतो साधारण 25.7. मोठ्या माणसाचा असता तर आपण "थोडं वजन आहे" म्हणून सोडून दिलं असतं, पण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे तक्त्यावर बघायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने 2015 साली आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढलेत, त्यात 11 वर्षांच्या मुलाला 25.7 म्हणजे स्थूलतेच्या रेषेच्या बराच वर. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा की नुसतं वजन लिहू नका, तक्त्यावर ठिपका काढून दाखवा. सहा-सहा महिन्यांचे ठिपके जोडले की रेघ कुठे चाललीये ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, सासूबाईंनासुद्धा.

आणि सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. उंची 138 ची 146 झाली आणि वजन 49 वरच राहिलं तर बीएमआय 23 वर येतो, साधारण दीड वर्षाचं काम आहे, एक किलोही न घटवता. अडचण एवढीच की वजन आपोआप थांबून राहत नाही, ते आपल्याला धरून ठेवावं लागतं, आणि भात बंद करून ते होत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवलं की तो चोरून खातो, कारण त्याला खरंच भूक लागलेली असते, त्यात त्याचा काही गुन्हा नाही.

मी अशा प्रत्येक आईला एक काम सांगते, त्याचा एक दिवस घड्याळ लावून लिहून काढा. तुमच्या भागातल्या मुलांचे दिवस मी इतके वाचलेत की पाठ झालेत... सकाळी सव्वासहाला व्हॅन, दोनला घरी, जेवण मोबाईलसमोर, चारला क्लास, येताना क्लासच्या खाली वडापाव नाहीतर फ्रँकी आणि कोल्ड्रिंक, सातला घरी, होमवर्क, नऊला जेवण, साडेअकराला झोप. आता यात खेळ कुठे आहे सांगा! पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला रोज सरासरी 60 मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि या वयाला झोप हवी किमान नऊ तास. सोसायटीत खाली पोडियमवर "बॉल खेळू नये" अशी पाटी, गेटच्या बाहेर हायवे, मग पोरानं धावायचं कुठे? याचा मला मनापासून राग येतो, कारण शेवटी बोट पोराकडेच दाखवलं जातं की तूच आळशी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून संध्याकाळचा एक तास मुलांच्या खेळासाठी मागा, चार आया एकत्र बोलल्या की कमिटी ऐकते.

कोल्ड्रिंक मात्र आधी बंद. 300 मिलीच्या एका कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या शिफारशीत अख्ख्या दिवसाची साखर 25 ग्रॅमवर ठेवायला सांगितलीये. घरात आणूच नका, कुणासाठीच नाही, बाबांसाठीपण नाही. भात राहू दे, पण वाटीने मोजून, सोबत घट्ट वरण किंवा उसळ, एक भाजी, काकडी-गाजर. क्लासला जायच्या आधी घरूनच पोटभर काहीतरी द्या, थालीपीठ-दही, अंडं-पोळी, उकडलेले चणे, म्हणजे खालचा वडापाव हाक मारत नाही. वेगळं "डाएटचं" ताट त्याच्यासमोर ठेवू नका, सगळं घर तेच जेवेल. आणि घरात जाड्या, ढोल्या, लाडानेसुद्धा कुणी म्हणायचं नाही. शाळेतल्या चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांशी स्वतः जाऊन बोला, पीटीच्या दिवशीची पोटदुखी त्याच्यासाठी खरीच असते.

प्रश्न : माझी नात 14 महिन्यांची, जन्मतः 2.3 किलो होती. आता छान चालते, बोलते, पण बाळसं म्हणून नाही. शेजारणीची नात कशी गुटगुटीत. मी दुधात साखर नि चॉकलेटची पावडर घालते तर सून नको म्हणते. कोण बरोबर?
– एक आजी, नेरुळ

उत्तर : आजी, सून बरोबर आहे, रागावू नका. नातीची काळजी तुम्हाला आहे म्हणूनच विचारलंत.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं बघितली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधली 3.5 किलोची, म्हणजे आपली चांगलीच लहान, पण चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबीवाली. अशा लहान जन्मलेल्या बाळाला पुढे भराभर चरबी चढवली तर मोठेपणी डायबिटीसचा धोका वाढतो. म्हणून तिला वाढवायचंय ते उंचीने आणि स्नायूंनी. मऊ खिचडी तुपाच्या धारेसकट, अंडं, नाचणीची खीर खजूर कुस्करून, डाळ, केळं, मासे खात असाल तर काटा काढून. दोन वर्षांची होईपर्यंत वरची साखर नको. तिचा ठिपका तक्त्यावर तिच्या रेघेने वर सरकत असेल तर शेजारच्या बाळाशी तुलना सोडा.

प्रश्न : मी शहापूर तालुक्यात जि. प. शाळेत शिक्षक आहे. तुम्ही लठ्ठपणावर लिहिता, इथे माझ्या वर्गात हातापायाच्या काड्या झालेली पोरं आहेत. एकाच जिल्ह्यात हे कसं?
– एक शिक्षक

उत्तर : सर, तुमचा प्रश्न मला लागला, आणि बरोबरच लागला. 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला म्हणून जिल्ह्यातलं कुपोषण संपलं असं शहरात कितीतरी जणांना वाटतं, शहापूर-मुरबाडचे पाडे त्यांच्या डोळ्यासमोर येतच नाहीत.

राज्याचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची वजन जास्त असलेली मुलं 2015-16 ला 1.9 टक्के होती, 2019-21 ला 4.1 टक्के, म्हणजे दुपटीच्या वर. आणि त्याच वेळी वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं 34.4 वरून 35.2 टक्के, म्हणजे तिथे सुधारणा नाहीच. एक गेलं आणि दुसरं आलं असं झालेलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आणि मुळं खूपदा एकच असतात. गरोदरपणात आईला नीट खायला मिळालं नाही, बाळ लहान जन्मलं, मग पोट भरायला सगळ्यात स्वस्त मिळतं ते पाच रुपयांचं तळलेलं पाकीट. ते पाड्यावरही पोचलंय, जिथे अंडं नि फळ पोचत नाही. पाड्यावरचा हाच पोरगा पुढे आईबाबांबरोबर शहरात, कळव्याला नाहीतर दिघ्याला राहायला आला, चालणं सुटलं, पाकिटं वाढली, की आधीच खुंटलेल्या उंचीवर वजन चढतं.

तुमच्या हातात जे आहे ते खूप मोठं आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला 700 आणि 20 असं ठरलेलं आहे, ते ताटात खरंच येतंय का, डाळ पातळ होत नाही ना, यावर तुमचं लक्ष असू द्या. जून आणि जानेवारीत प्रत्येकाचं वजन आणि उंची दोन्ही एकाच वहीत लिहा, आरोग्य तपासणीला पथक आलं की तीच वही पुढे करा. आणि 2020 च्या नियमाप्रमाणे शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत मुलांना जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. गेटसमोरच्या दुकानदाराशी आधी गोडीनेच बोला, पाकिटांच्या माळेच्या जागी भाजलेले शेंगदाणे, चणे, चिक्की ठेवायला सांगा. पोरांकडचे पाच रुपये त्याला तसेही मिळणारच आहेत.