बाबांना लिम्फोमा आहे आणि रक्तात लिम्फोसाइट कमी आलेत, म्हणजे केस वाईट आहे का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय, सीबीसीत म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी 6000 आणि त्यातल्या लिम्फोसाइट 12 टक्के, आणि नेटवर वाचलं की हे कमी असले की पेशंट जास्त जगत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज बघते, म्हणून लिहितेय.

टक्के बघू नका, आकडा काढा. 6000 चे 12 टक्के म्हणजे 720, मोठ्या माणसात साधारण 1000 च्या वर पाहिजेत, तर हो, कमी आहेत. आणि वाचलंत ते अगदीच खोटं नाहीये, बऱ्याच अभ्यासांत निदानाच्या वेळी लिम्फोसाइट कमी आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) जास्त असलेल्यांचे रिझल्ट सरासरीने खाली आलेत. कारण असं की टी सेल आणि एनके सेल हे लिम्फोसाइटच, गाठीशी लढणारे तेच, आणि रिटुक्सिमॅब हे या आजारातलं औषध कॅन्सरच्या पेशीला चिकटतं पण ती मारायच्या कामात एनके सेलचाही मोठा हात असतो, उलट मोनोसाइट गाठीत शिरून मॅक्रोफेज (पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी) होतात आणि त्यातले काही चक्क गाठीलाच मदत करतात.

पण ही सरासरी शेकडो पेशंटची, त्यातून एका माणसाचं काय होणार ते कळत नाही हो. शिवाय रक्त कधी काढलं ते बघा, आधीच स्टेरॉइड चालू झालं असेल किंवा इन्फेक्शन असेल तर लिम्फोसाइट तसेही पडतात, आणि केमो सुरू झाल्यानंतरचा आकडा तर या हिशोबात धरायचाच नाही.

आजार कितपत धोक्याचा ते ठरवायला डॉक्टर बघतात तो आयपीआय स्कोअर, त्यात वय 60 च्या वर आहे का, स्टेज, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम), पेशंट किती हिंडता फिरता आहे आणि लिम्फ नोडच्या बाहेर किती ठिकाणी पसरलंय एवढंच येतं, लिम्फोसाइट त्यात नाहीतच. हॉजकिन नावाच्या दुसऱ्या लिम्फोमाच्या स्कोअरमध्ये आहेत, 600 च्या खाली किंवा 8 टक्क्यांच्या खाली, पण तिथेही सातातला एकच मुद्दा, आणि बाबांचा आजार तो नाहीये. या प्रकारात निम्म्याहून जास्त पेशंट पहिल्याच ट्रीटमेंटमध्ये बरे होतात, हे पण त्याच नेटवर आहे, ते वाचा ना!

डॉक्टरांना आयपीआय किती आला ते विचारा आणि ट्रीटमेंटच्या मध्यावर होणाऱ्या पेट स्कॅनची वाट बघा. केमो चालू असताना खरं लक्ष न्यूट्रोफिलवर (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ठेवा, ते 500 च्या खाली असताना किंवा तिथवर पडण्याची शक्यता असताना ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी लगेच हॉस्पिटलला न्या.