लांबलेल्या चॅटचा धागा

प्रश्न: एका अहवालासाठी तीन आठवडे एआय सहायकाशी एकाच चॅटमध्ये बोलते आहे. आता तो आधी ठरलेलं विसरतो आणि कुठला निर्णय कधी झाला, ते मलाही सापडत नाही. काय करू?

उत्तर: यात तुमची चूक नाही. सहायकामागच्या एआय मॉडेलसमोर एका वेळी ठरावीक मजकूरच मावतो. त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. देवनागरीचे टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर वाचताना त्याचे करतं ते छोटे तुकडे, इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त होतात, त्यामुळे मराठीत ती लवकर भरते. शिवाय लांब मजकुराच्या मधलं मॉडेलच्या हातून जास्त निसटतं, हे २०२३च्या एका संशोधनात दिसलं होतं.

माझ्या एका भाषांतरात ‘फीडबॅक’ला ‘प्रतिसाद’ म्हणायचं ठरलं होतं. पुढे गुपचूप ‘अभिप्राय’ येऊ लागला आणि मला कळलं ते छपाईच्या आदल्या दिवशी! फार जीव गेला त्यात. तेव्हापासून निर्णयांची वेगळी फाइल ठेवते. एक नोंद अशी: ‘नि-७. फीडबॅक = प्रतिसाद. कारण: अभिप्राय हा शब्द रिव्ह्यूसाठी आधीच वापरलाय. १२ मार्च, प्रकरण ३चा चॅट.’ कारण जरूर लिहा. ते नसलं की महिन्याभराने आपणच आपला निर्णय मोडतो.

प्रत्येक प्रकरणाला नवा चॅट उघडा, सुरुवातीलाच ही फाइल चिकटवा. जुन्या चॅटचा गोषवारा सहायकाकडून घ्या, पण मूळ संदेशांशी ताडून बघा. न ठरलेली गोष्टही तो कधीकधी ‘ठरली’ म्हणून लिहितो. आज आधी तुमच्या चॅटमधले फक्त निर्णय वेचून काढा, बाकीचं राहू द्या.