टॉर्चचा सेल बदलताना

भावा, रात्री उसाला पाणी पाजायला न्यायची टॉर्च दुरुस्त करतोयस, तर आधी सेल वजनकाट्यावर ठेव. चांगला १८६५० (म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. वर ९९०० एमएएच (क्षमतेचं माप) छापलेला, हाताला हलका लागणारा घेऊच नकोस. त्या आकारात एवढी क्षमता बसतच नाही. वेष्टन फाटलेला सेल टॉर्चमध्ये घालू नकोस. त्याचा बाहेरचा अख्खा धातूचा डबा निगेटिव्ह असतो, पार पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत! खिशात किल्ल्यांबरोबर तर अजिबात नको, शॉर्ट होईल. टोकाला थेट सोल्डरिंग करू नकोस, उष्णतेनं आतला, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगळे ठेवणारा पडदा खराब होतो. निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनं (क्षणभर करंट देऊन ठिपक्यापुरतं जोडणं) लावून घे. चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबतंय का, मीटरनं बघ. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत उठवायच्या नादाला लागू नकोस.