फाल्गुनराव कोण करणार?

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मंडळाने यंदा ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक धरलंय आणि पात्रनिवड तुझ्या गळ्यात पडलीय, हे कळलं. ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. त्यामुळे भावे नाट्यमंदिरात पहिल्या चार रांगांत नाटक पाठ असलेली मंडळी बसणार, हे धरूनच चाल.

फाल्गुनराव आणि कृत्तिका, हे एकमेकांवर संशय घेणारं जोडपं, आधी ठरव. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. अश्विनशेठ आणि रेवती गाणारे म्हणून आधी पक्के होतात, आणि उरलेल्यांतून नवराबायको उभे केले जातात. मग पदांना टाळ्या पडतात आणि मधले प्रवेश लोळतात. हे कथानक मोलिएरच्या १६६० मधल्या प्रहसनातून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलं. पदांसह ते रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये. पदं काढली तरी नाटक उभं राहतं, पण या जोडप्याचा संशय काढला तर काहीच उरत नाही.

मंडळात सगळ्यांना हसवणारा जो असेल त्याला डोळे झाकून फाल्गुनराव देऊ नकोस. असा माणूस वाक्य टाकून हशाची वाट बघतो. फाल्गुनरावाला यात गंमत काहीच दिसत नाही, बायको फसवतेय याची त्याला खात्रीच आहे. निवडीच्या वेळी प्रत्येकाच्या हातात फोटोची एक चौकट दे. ‘ही तुझ्या बायकोच्या हातात दिसली’ एवढंच सांग आणि एक मिनिट त्याला बोलू देऊ नकोस. जो कपाळ बडवतो, डोळे गरगर फिरवतो, त्याच्या नावापुढे काही लिहू नकोस. जो चौकट उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघतो, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाव.

कृत्तिका म्हणजे कजाग बाई, हा समज सोड. घेरी आलेल्या रेवतीला सावरणारा नवरा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, म्हणजे तिच्याकडे पुरावा आहे. पहिल्या प्रवेशापासून किंचाळणारी कृत्तिका घेतलीस तर तिसऱ्या अंकात तिला आवाज चढवायला जागा राहत नाही. तीच चार वाक्यं तीनदा म्हणवून घे: दबक्या आवाजात, नेहमीसारखी, मग रागात. रागात शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात का, ते शेवटच्या रांगेत बसून ऐक.

मग जोड्या लाव. चार फाल्गुनराव आणि तीन कृत्तिका उरल्या, तर बाराही जोड्या होतात. एकच पान, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे तासाभराचं काम. बोलणाऱ्याकडे कमी बघ, ऐकणाऱ्याकडे जास्त. समोरच्याचं वाक्य संपायची नुसती वाट बघणारा नट प्रहसनाचा वेग मारतो.

गाणाऱ्यांकडून आधी गद्य वाचून घे. नंतर अश्विनशेठसाठी ‘मृगनयना’चा मुखडा आणि एक अंतरा, ताना अजिबात नकोत. दरबारीतलं पद आहे, आवाजाचा खालचा भाग लगेच कळतो. पद संपताक्षणी, श्वास घ्यायलाही न थांबता, संवाद म्हणायला लाव. बरेच गळे तिथेच अडकतात. माणूस मैफलीतून खाली उतरतच नाही. प्रत्येकाची गाण्याची पट्टी त्याच्या नावापुढे लिही. रेवतीची पदं मुळात पुरुष नट गात, त्यामुळे आताच्या मुलीची पट्टी वेगळी लागणार आणि ऑर्गनवाल्याला ती पहिल्या तालमीआधी हवी असते.

भादव्या या नोकराच्या भूमिकेसाठी सगळ्यात जास्त वशिले येतील. भूमिका लहान, हशा भरपूर. गावरान बोली काढली की भादव्या झाला, असं नसतं. तो मंद आहे, पण मालकाचं काम मनापासून करतो. तसा करणारा हवा. पदरची वाक्यं घालायची सवय असलेला घेतलास तर फाल्गुनरावाची पुढची तीन वाक्यं हशात बुडतील. वैशाखशेठ, मघा, रोहिणी या बाकीच्या पात्रांची निवड दोन संध्याकाळींत उरकते.

अभिनयाइतकीच हजेरीही बघ. सात आठवडे, आठवड्याला चार, म्हणजे अठ्ठावीस तालमी. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यातल्या नटांच्या पाळ्या बदलतात. म्हणून पाळी, परीक्षा, घरातलं लग्न, सगळं अर्जावर लिहून घे. वीसपेक्षा कमी तालमींना येणाऱ्याला मोठी भूमिका देऊ नकोस, गळा कितीही गोड असो. फाल्गुनराव आणि रेवतीला एकेक बदली नट ठेव आणि आठवड्यातून एक तालीम त्यांच्याकडूनच करून घे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकण्याआधी न निवडलेल्यांना तू स्वतः फोन कर. संध्याकाळी सातनंतर कर, दुपारी केलास तर दुकानात किंवा कचेरीत बसलेल्या माणसाला नकार चारचौघांत ऐकावा लागतो.

कळावे, लोभ असावा.