त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे

पत्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलं आहे, एका वडिलांचं. मुलगा बारावीत, पीसीएम, सहामाहीत ७४ टक्के. पाणबुडी वाचवण्यासाठी समुद्रात सोडून द्यायच्या आणि रडारला फसवायच्या तरंगत्या बोया बनवायच्या, असं त्याच्या मनात आहे. वडिलांनी मात्र एक वर्ष ड्रॉप, कोटा आणि नंतर कॉम्प्युटर सायन्स असं ठरवून टाकलंय. त्यांचा प्रश्न : ‘हे खूळ डोक्यातून कसं काढायचं?’

नमस्कार.

टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुमच्या दोन वाक्यांची. पहिलं : ‘जुन्या छत्रीच्या काड्या आणि स्वयंपाकघरातली फॉइल घेऊन त्याने काहीतरी केलं होतं, ते मी भंगारात दिलं.’ कोचिंगची फी आणि हॉस्टेलचा खर्च यांच्या मध्ये हे येऊन जातं. दुसरं : ‘मी समजावल्यावर तो गप्प बसला, म्हणजे पटलं असावं.’

नाही हो, पटलेलं नाही. अशी मुलं माझ्यासमोर रोज बसतात. वडील बोलत असतात आणि मुलगा टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत असतो. घरात आपलं काही दाखवायचं नाही, एवढंच तो त्या दिवशी शिकलेला असतो. तीन पानांच्या पत्रात त्याचे टक्के तुम्ही तीनदा लिहिलेत. ती वस्तू काय होती, हे एकदाही नाही. त्याला विचारलं होतंत का?

मी अंदाज सांगतो. तो कोपरा-परावर्तक असावा. एकमेकांना काटकोनात असलेले तीन धातूचे पत्रे, त्यावर रडारची लहर पडली की तीन ठिकाणी आपटून आली त्याच दिशेला परत जाते. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर याच तत्त्वावर चमकतो. फक्त ३० सेंटीमीटर कडेचे त्रिकोणी पत्रे ३ सेंटीमीटर लहरीच्या रडारला जवळपास ३८ चौरस मीटरच्या वस्तूएवढे दिसतात. कड दुप्पट केली की हा आकडा सोळा पट होतो, आणि काटकोन एक-दोन अंशांनी बिघडला की प्रतिध्वनी झपाट्याने घसरतो. छत्रीसारखं मिटून लहान नळीत बसणारं आणि पाण्यावर आपोआप उघडणारं काहीतरी तो शोधत असणार. सतरा वर्षांच्या मुलासाठी ही विचारांची फार चांगली दिशा आहे.

‘रडारला पाण्याखालचं काही दिसतच नाही, मग पाणबुडीला रडारची कसली भीती?’ असं विचारून तुम्ही त्याला गप्प केलंत. यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरच्या आत विरून जातात. पाण्याखाली शोध सोनारने, म्हणजे आवाजाने घेतात. पण डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढावीच लागते. आपल्या कलवरी, खांदेरी आणि त्यांच्या वर्गातल्या बाकी चारही पाणबुड्या याच जातीच्या. ती नळी किंवा पेरिस्कोप विमानाच्या रडारला दिसू शकतो. १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांची हीच अडचण झाली होती. ब्रिटिश विमानांवर १० सेंटीमीटर लहरीचं रडार आलं आणि जर्मनांची सूचना देणारी यंत्रणा त्या लहरीला बहिरी ठरली. मग रडारला तिथे पाणबुडी आहे असं भासावं म्हणून त्यांनी फॉइलच्या पट्ट्या लावलेले हायड्रोजनचे फुगे सोडले, पुढे बिस्केच्या उपसागरात चकवा बोया टाकल्या. तुमचा मुलगा हवेत बोलत नव्हता. त्याला उत्तर माहीत असावं, पण तुमच्यासमोर ते देण्याची हिंमत झाली नसावी.

‘फेकून द्यायच्या वस्तूंवर आयुष्य घालवणार’ हे वाक्यही मला लागलं. अशी वस्तू वर्षानुवर्षं बंद पडून राहते आणि एकदाच चालते. ५० मीटर खोलीवरून सोडली तर सहा वातावरणांचा दाब सोसून वर यायचं, खाऱ्या पाण्यात उघडायचं, लाटांवर हलतानाही रडारला खरी वाटायची. आणि परत मिळणार नाही म्हणून स्वस्तही हवी. हे काम कुठल्याही ॲपपेक्षा सोपं नाही.

‘ग्वाल्हेरात समुद्र कुठे?’ असंही तुम्ही लिहिता. नौदलाच्या जहाजांसाठीचा चॅफ, म्हणजे क्षेपणास्त्राच्या रडारला चकवणारे बारीक धागे, जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केला. तिथे तर वाळवंट आहे. ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत चिकटेल ही आशा मात्र सोडा; ती प्रयोगशाळा रासायनिक आणि जैविक संरक्षणाची आहे. त्याच्या आवडीचं काम विशाखापट्टणम, कोची, बंगळुरू, जोधपूर इथे.

मार्ग नेहमीचेच : जेईईने इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, किंवा बीएस्सी-एमएस्सी फिजिक्स, मग गेट ही पदवीनंतरची परीक्षा, मग डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची सायंटिस्ट ‘बी’ भरती. चांगलं राज्य सरकारी कॉलेजही चालेल. ड्रॉप मी सुचवणार नाही. ७४ टक्क्यांच्या मुलाला त्याला नको असलेल्या शाखेसाठी वर्षभर कोट्यात ठेवणं मला धोक्याचं वाटतं, आणि तो धोका टक्क्यांचा नाही. त्यालाही एक सांगा : ‘चकवा बोया’ नावाची नोकरी नसते. त्याने विद्युतचुंबकीय लहरी आणि अँटेना पक्के करावेत. बोया हा त्यातला एक उपयोग, आणि वीस वर्षांनी त्याला कदाचित दुसराच आवडेल.

फी भरण्याची तारीख पंधरा दिवसांवर आहे म्हणता. त्याआधी एक करा. भंगारवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडे ती वस्तू अजून असेल तर घेऊन या. नसेल तर घरातली जुनी छत्री आणि फॉइलचा नवा रोल त्याच्या टेबलावर ठेवा. आणि रात्री जेवताना विचारा, कड किती सेंटीमीटरची ठेवली होतीस?