भाच्याच्या गुडघ्याजवळ गाठ आहे. बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं) केल्याने हाडाचा कॅन्सर पसरतो का? ठाणे-नवी मुंबईत कुठे करावी, खर्च किती?

नीट केली तर नाही पसरत. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. भाचा १४ वर्षांचा, ऐरोलीला राहतो, गुडघ्याच्या वर सूज, एमआरआयमध्ये ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचा, संशय लिहिलाय, डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात आणि आजोबा म्हणतात, सुई लावली की गाठ खवळते. हेच वाक्य मी माझ्या सासरी इतकी वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही कळव्याचे. मी घरीच ब्लाऊज, ड्रेस शिवते, मिस्टर रबाळे एमआयडीसीत. २०१४ च्या उन्हाळ्यात मुलगा दहावीत गेला आणि त्याचा डावा पाय दुखायला लागला, गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला. कबड्डी खेळायचा, म्हणून मार लागला असेल असं आम्ही धरून चाललो. पण खेळताना दुखायचं त्याहून जास्त रात्री दुखायचं. झोपेतून उठून पाय धरून बसायचा. शेजारणी म्हणाल्या, वाढीचं वय आहे, हाडं ताणतात. वाढीचं वय होतंच. हा आजार त्याच वयात आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच येतो, कारण हाड तिथेच भराभर वाढत असतं. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आमच्या घरात मोठ्या भाऊजींचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांच्या ओळखीत एक हाड बसवणारा होता. दर रविवारी ते पोराला त्याच्याकडे घेऊन जायचे. तेल, मालिश, वरून घट्ट पट्टी. सहा आठवडे हे चाललं. तेल मी गरम करून दिलंय, ते मी नाकारत नाही. पण आज सांगते, पोराच्या हाडावरची सूज न तपासता चोळणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका, तो कितीही जुना आणि कितीही ओळखीचा असो. साधा एक्स-रे पहिल्या आठवड्यात काढला असता तर बरंच काही तेव्हाच दिसलं असतं.

सूज लिंबाएवढी झाली तेव्हा एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेलो. त्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, छोटं ऑपरेशन करून गाठ काढून टाकू, तुकडा तपासायला पाठवू, दोन दिवसांत घरी. एमआरआय नाही, काही नाही. आम्हाला हायसं वाटलं. काढून टाकणार म्हणजे संपलं, असंच वाटतं ना आपल्याला? गुडघ्याखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा काप आणि नऊ टाके घेऊन पोरगं घरी आलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला आणि आम्ही परळला टाटाला पळालो.

तिथे बोन-सॉफ्ट टिश्यूच्या, म्हणजे हाडा-मांसाच्या गाठींच्या, ओपीडीत सर्जननी फाइल उघडलीच नाही. आधी पट्टी सोडायला सांगितली. हातमोजा घातलेलं बोट त्यांनी व्रणाच्या एका टोकावर ठेवलं, हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं आणि विचारलं, "आडवा का घेतला?" आमच्याकडे बघून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. मी म्हटलं, डॉक्टर, त्याने काय होतं? त्यांनी केसपेपरच्या पाठीवर पाय काढला. त्यावर वरून खाली एक उभी रेघ मारली आणि शेजारी दुसरा पाय काढून त्यावर आडवी.

मग समजावलं. बायोप्सी ज्या वाटेने केली त्या वाटेवर गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती सगळी वाट, कातडी, स्नायू, जे लागेल ते, गाठीसोबत काढून टाकतात. सुई किंवा काप पायाच्या लांबीने, शेवटच्या ऑपरेशनच्या रेघेवरच असेल, तर ती वाट आपोआप त्यात जाते. आडवं कापलं, आत रक्त पसरलं, की अर्ध्या पायाचं मांस त्या वाटेत येतं.

मी शिवणारी बाई, मला ते तिथल्या तिथे कळलं. खडूने खूण करताना मी पूर्ण ब्लाऊज डोळ्यासमोर आणते, पाठ कुठे, कटोरी कुठे, बाही कुठे, आणि मग कात्री हातात घेते. उभ्या बाजूला थोडं चुकलं तर शिवणीत दाबता येतं. आडवी कात्री गेली की त्या कापडातून बाही निघत नाही, मग कितीही जोड लावा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बायोप्सी करायचीच. पण पुढचं मोठं ऑपरेशन ज्या सर्जनच्या हातून होणार त्यांनीच ती करावी, नाहीतर त्यांनी दाखवलेल्या जागेवरूनच व्हावी. आणि एमआरआय आधी, सुई नंतर, तुमच्याकडे तो झालाय हे चांगलं. फक्त गुडघ्याचाच नको, मांडीचं हाड वरपासून खालपर्यंत त्यात आलंय का ते विचारा. हल्ली बहुतेक ठिकाणी जाड सुईनेच करतात, जागा बधिर करून, आणि बहुतेकदा पोरगं त्याच दिवशी घरी येतं. बायोप्सी टाळून उपचार होऊच शकत नाहीत. एमआरआयमध्ये अशी दिसणारी गाठ कधी हाडातला जंतुसंसर्ग निघते, कधी टीबी, कधी इविंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सर, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

आमचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. छातीचा सीटी झाला, कारण हा आजार पसरला तर बहुतेकदा आधी फुप्फुसात जातो. आमचा गेला नव्हता. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असाच क्रम असतो. त्यातलं एक औषध लालभडक असतं, ते दिल्यावर लघवी लाल होते. मी रक्त समजून वॉर्डभर ओरडत सुटले होते, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्या औषधासाठी हृदयाची इको करतात, दुसऱ्या एकासाठी कानांची तपासणी. केमोची एक सायकल, म्हणजे एक फेरी, झाली की आठवड्याभरात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पडतात. तेव्हा थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ च्या वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. आम्ही दोनदा मध्यरात्री टॅक्सी करून परळ गाठलंय. आणखी एक, जे आम्हाला कोणी वेळेवर बोललं नाही आणि आम्हीही लाजलो. पहिल्या केमोच्या आधी पोराचे शुक्राणू साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. १४ व्या वर्षीही विचारा. या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

तीन सायकलींनंतर पुन्हा एमआरआय झाला. आज बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो, खराब हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात. आमच्या पोराचा नाही वाचवता आला. पुढची कातडी आणि स्नायू त्या आडव्या कापाने गेलेले, मागे गाठ रक्तवाहिन्यांना चिकटलेली. गुडघ्याच्या वरून पाय काढला.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊजी बाहेरच्या बाकावर बसले होते, सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाले, "सुई लावली नसती तर पाय राहिला असता." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत हेच. मी तेव्हा गप्प बसले, आज नाही बसणार. पहिल्यांदा सुई लावलीच कुठे होती? लावली असती तर कदाचित पाय राहिला असता. लावली ती कात्री, आणि त्या नर्सिंग होमला रिक्षा करून आम्हाला तुम्हीच नेलंत, भाऊजी. त्याआधीचे सहा रविवारही तुमचेच होते. पोराच्या जिवावर तुमची माया होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण दोष बायोप्सीवर ढकलून तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना घाबरवता ते मला सहन होत नाही. मागच्याच वर्षी आपल्याच नात्यातल्या एका बाईंना तुम्ही हेच सांगितलंत.

घरी आल्यावर त्याच्या शाळेच्या पँटचा डावा पाय कापायला माझा हात होईना. आयुष्यभर कापड कापलेली बाई मी, कात्री नेफ्यापाशी नेऊन परत ठेवायची. शेवटी पिना लावून वर दुमडून दिला. तोच म्हणाला, "आई, काप ना, पिन टोचते." तेव्हा कापली. पुढे कृत्रिम पाय आला तेव्हा वेगळीच अडचण. सांध्यापर्यंत हात घालायला दर वेळी अख्खी पँट उतरवायची. मी बाहेरच्या शिवणीत घोट्यापासून मांडीपर्यंत लांब चेन बसवून दिली, वरून पट्टी, बाहेरून कळतही नाही. फॉलोअपला गेलो तेव्हा ती बघून दोन मुलांच्या आयांनी मापं दिली. आजही अशा पँट शिवते आणि त्याचे पैसे घेत नाही.

त्याने भिंतीवर टेरी फॉक्सचं चित्र लावलं होतं. कॅनडाचा तो मुलगा. १९७७ मध्ये याच आजाराने उजवा पाय गेला आणि १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मला ते चित्र नको होतं, कारण तो २२ व्या वर्षी गेला. डॉक्टरांनी समजावलं की तेव्हा केमो नवीन होती. आता आजार पसरलेला नसेल तर १० पैकी साधारण ६-७ मुलं बरी होतात. चित्र राहिलं. पोरगाही राहिला, आता नोकरी करतो.

आता एक गोष्ट, जी मी भाऊजींसमोर कधी बोलले नाही. दोन वर्षांनी फॉलोअपला मी सर्जनना सरळ विचारलं, तो आडवा काप नसता तर पाय राहिला असता का? ते म्हणाले, मागची गाठ बघता कदाचित तरीही गेला असता, कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. म्हणजे मालिशीने किती, कापाने किती आणि आजाराने किती, याचा हिशोब लागत नाही. हेही खरं, म्हणून लिहिलं. मी डॉक्टर नाही, आणि तुमच्या भाच्याची गाठ मांडीच्या हाडात आहे, आमची नडगीत होती.

कुठे करावी? आम्ही टाटाला गेलो, तेवढंच मी छातीठोक सांगू शकते. टाटाचंच दुसरं कॅन्सर केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे, ऐरोलीहून ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी सरळ खारघरला नेते. परळला जायचं की तिकडे, हे आधी विचारून घ्या. खासगीत करणार असाल तर एकच प्रश्न विचारा: हाडाच्या गाठींचीच ऑपरेशनं तुम्ही करता का? खर्चाचा आकडा देत नाही, आमचा हिशोब जुना झाला. तेव्हा केशरी रेशनकार्डावर राजीव गांधी जीवनदायी योजनेत दीड लाखापर्यंत मिळालं होतं. तीच आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे आणि मर्यादा ५ लाख झालीय. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी सोबत ठेवा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडी न्या. केमोच्या दिवसांत लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटला जाता येतं, त्याचे कागद हॉस्पिटलातून करून घ्या. गर्दीच्या डब्यात त्या पोराला घालू नका.

आणि आजोबांशी घरी वाद घालत बसू नका. त्यांना ओपीडीत आत घेऊन जा, सर्जनच्या समोर बसवा, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आम्ही भाऊजींना आत नेलं नाही. आत दोघांनाच सोडत होते आणि ते बाकावर थांबले. तो केसपेपर माझ्या मशीनच्या खणात आहे, दोन पाय आणि दोन रेघा. त्यांनी तो अजून पाहिलेला नाही.