आईला त्याच्याबद्दल विचारू का?

प्रश्न : मी 48 वर्षांची आहे. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना गेला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर घरात त्याचं नाव निघणं बंद झालं. त्याच्या वस्तू कुणी, कधी हलवल्या तेही मला कळलं नाही. तो आजारी पडला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही भांडलो होतो आणि "तू मला नकोच आहेस" असं मी त्याला म्हणाले होते. मध्यंतरी माझ्या मुलीला त्याचा फोटो सापडला. "हा कोण?" असं तिनं विचारलं आणि मी "नात्यातला एक मुलगा" म्हणून वेळ मारून नेली. त्या रात्री लक्षात आलं, की मला त्याचा आवाजच आठवत नाही. खूप रडले. इतक्या वर्षांनी हे असं होणं बरोबर आहे का? बाबा आता नाहीत. आई 74 वर्षांची आहे. तिला त्याच्याबद्दल विचारावंसं वाटतं, पण तिची जखम उगाच उकरली जाईल का?
— एक बहीण

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या भांडणाबद्दल बोलू या. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण सगळ्यात जास्त तेच टोचत असणार. दहा वर्षांच्या मुलीनं धाकट्या भावाला "तू नकोस" म्हणणं हे जिथे दोन मुलं एकत्र वाढतात तिथे घडतंच. एरवी दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा खेळायला लागतात आणि बोललेलं विरून जातं. तुम्हाला तो दुसरा दिवस मिळाला नाही. आपल्या बोलण्यामुळे, मनात आलेल्या रागामुळे काहीतरी भयंकर घडलं, असं मुलांना अगदी खरं वाटतं. म्हणूनच जवळचं माणूस गमावलेल्या मुलांशी बोलताना समुपदेशक "यात तुझा काही दोष नाही" हे स्पष्ट शब्दांत आणि अनेकदा सांगतात. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मोठी माणसं स्वतःच कोसळलेली होती. आज मी सांगते. तुमच्या बोलण्यानं ताप आला नव्हता. तो तुमच्यावर रुसून गेला नाही.

मूल गेलं की लोक आईवडिलांना सावरायला धावतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या धावपळीत भावंडाला बहुतेक वेळा "आता तू आईला जप" एवढंच सांगितलं जातं. ज्या दुःखाला चारचौघांत जागा मिळत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं 1980च्या दशकात लिहायला सुरुवात केली. तुमचं दुःख मला तसं वाटतं. ते तेव्हा रडून झालंच नाही, मग आज रडू आलं तर त्यात उशीर कसला?

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यानं 1917 साली एका निबंधात मांडलं होतं, की शोक करणाऱ्याला हळूहळू गेलेल्या माणसातून आपलं मन सोडवून घ्यावं लागतं. पुढे अनेक दशकं हाच सल्ला दिला गेला. पण 1920 मध्ये त्याचीच मुलगी सोफी इन्फ्लूएंझानं गेली. ती 26 वर्षांची होती. नऊ वर्षांनी, 1929 मध्ये, लुडविग बिन्सवांगर या मित्राचा मुलगा गेल्यावर फ्रॉइडनं त्याला पत्र लिहिलं. पहिला तीव्र शोक ओसरतो, पण ती जागा दुसऱ्या कशानंही भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं, कारण ज्या प्रेमाला आपण सोडू इच्छित नाही ते टिकवण्याचा तोच मार्ग आहे, अशा आशयाचं त्यानं लिहिलं. मला हा बाप त्या निबंधकारापेक्षा जास्त पटतो. 1996 मध्ये डेनिस क्लास हा शोकाचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट अभ्यासातून पुढे आणली : गेलेल्या माणसाशी नातं चालू राहणं हा आजार नाही. मात्र दुःखामुळे रोजचं काम, झोप, माणसांत मिसळणं दीर्घकाळ थांबलं असेल, तर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी. तुमच्या पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही.

आवाजाचं म्हणाल, तर आठवणी पेटीत ठेवलेल्या कपड्यांसारख्या जशाच्या तशा राहत नाहीत. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू त्या नव्याने जुळवतो. ज्या गोष्टींबद्दल बोललं जातं त्या पक्क्या होतात, बाकीच्या पुसट होतात. तुमच्या घरात 38 वर्षं बोलणंच झालं नाही. म्हणजे आवाज हरवला तो प्रेम कमी पडलं म्हणून नव्हे. तो कदाचित परत येणार नाही, हे मी लपवत नाही. पण आवाजाभोवतीचं पुष्कळ काही अजून सापडू शकेल. कुठले शब्द तो चुकीचे म्हणायचा? कशाला घाबरायचा? खेळात हरला की काय करायचा? आठवेल तसं लिहून काढा, क्रम लावत बसू नका. आणि हट्टीपणा, खोड्या, रडारड हेही लिहा. लहानपणी गेलेलं मूल घरच्यांच्या मनात देवमाणूस होऊन बसतं आणि खरा मुलगा त्याच्यामागे दिसेनासा होतो. तुम्हाला ज्याच्याशी भांडावंसं वाटलं, तोच तर तुमचा भाऊ होता. त्याच्या सात वर्षांवर शेवटच्या चार दिवसांनी कब्जा केलाय, तो सोडवायला हवा.

आता आई. विचारल्यानं तिला त्याची आठवण होईल, ही भीती मला पटत नाही. ती विसरलेलीच नाही. कदाचित तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ती गप्प आहे आणि तिला होऊ नये म्हणून तुम्ही. तरी "तो कसा गेला?" इथून सुरुवात करू नका. एखादी छोटी, जिवंत गोष्ट घ्या : "आई, तो झोपताना काय हट्ट करायचा गं? मला नीट आठवत नाही." मग थांबा. ती रडली तर विषय बदलू नका, जवळ बसा. ती "नको" म्हणाली तर तिथेच सोडा. कदाचित आठवड्याभरानं तीच बोलायला लागेल. काही आया कधीच बोलत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. भांडणाची गोष्ट तिला सांगायची की नाही, ते पहिल्या बोलण्यात ठरवू नका.

मुलीला मात्र लवकर सांगा. "मी तेव्हा खरं सांगितलं नाही, तो माझा भाऊ होता, तुझा मामा," एवढं पुरे, पुढचं ती विचारेल. कुणी भावंडांबद्दल विचारलं, तर "आम्ही दोघं होतो, धाकटा लहानपणीच गेला," असं म्हणता येतं. समोरचा क्षणभर अवघडेल, ते त्याला सांभाळू द्या. परक्या माणसाला सांगावंसं वाटलं नाही, तर न सांगण्यातही प्रतारणा नाही.

आणि त्या फोटोच्या मागे त्याचं नाव, वय, साल लिहून ठेवा. जमलं तर आईच्याच हातून.